उकंड्यातली आग

रखमाजीदादा,

नमस्कार लिहायला हात वळंना. हे पत्र तुला देणार न्हाई, म्हणून खरं लिहून राह्यलो.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळू नको, वावरातच कुजू दे, असं पाया पडून सांगितल्तं. तरी तू काडी लावली. आग बांध ओलांडून माझ्या उकंड्यात शिरली. तीन वर्षं कुजवलेलं खत धुमसलं, गांडुळं तडतडली. मंग कुऱ्हाडीचा दांडा घातला तुझ्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं, तरी थांबलो न्हाई.

दवाखान्यात पोलिसांना तू म्हणला, बांधावरून पडलो.

काल उरलंसुरलं खत पसरलं, सगळं तुझ्याच वावरात. माफी मागत न्हाई. पाय जुडला की ये. पुन्हा काडी लावली, तर दुसराबी मोडीन.

तुझ्या पाठचा,
रामप्रसाद