चहाच्या रंगाचे डाग

२४ सप्टेंबर, बुधवार

आणि वर सून मलाच म्हणते, "आई, तुम्ही डॉक्टरांसमोर खोटं बोललात!" मी? खोटं? अडीच वर्षांच्या आमच्या निधीच्या अंगावर चहा सांडल्यासारखे डाग – पोटावर, मांडीवर. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहेत का असे? मी म्हटलं, नाहीत. नाहीतच! तिच्या बापाच्या, प्रीतमच्या पाठीवर आहेत ते ग्रहणाचे. ते रोगात कसे धरायचे?

प्रीतम पोटात होता तेव्हा दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. मी दिवसभर खोलीत गप पडून होते, सुरीला हात लावला नाही. तरी सासू मरेपर्यंत ऐकवत राहिली, "गिराण पाळूक नाय, म्हणान झिलाच्या अंगावर डाग इले!" निधीच्या वेळीही दिवाळीतच ग्रहण. आणि ही आमची श्रुतिका, चौथा महिना, खिडकीत उभी राहून सफरचंद कापत होती! माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आज प्रीतम बरोबर गेला. बाईंनी त्याला शर्ट काढायला लावला. झालं! सगळं माझ्यावर.

२७ सप्टेंबर

प्रीतम-श्रुतिकाची दार लावून कुजबुज चाललीय. मी भांडी आपटली की गप्प. "एकच प्रत खराब" एवढं ऐकू आलं. कसली प्रत? कुणाची? सरळ दार उघडलं. म्हटलं, माझ्या घरात चोरून बोलायचं नाही.

प्रीतमने सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला निरोप येत असतो – वाढ, वाढ. एक जनुक असतं, त्यातून असं प्रोटीन बनतं जे त्या निरोपाला आवर घालतं. त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. निधीची एक बिघडलेली असणार.

म्हणजे दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करणारा हात. दोनातला एक हात लुळा. एवढं तर मला चौथी शिकून पण कळतं.

पण अशी दोन जनुकं आहेत म्हणे. एक बिघडलं तर नुसते डाग, फार तर अभ्यासात थोडी मागे. दुसरं बिघडलं तर नसांवर गाठी येतात, डोळ्यांत पण. रक्त दिलंय. कुठलं ते रिपोर्ट आल्यावर कळणार.

गाठी! त्या एवढ्याशा जिवाला!

मी म्हटलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. तर हे खाकरले आणि उठून बाल्कनीत गेले. यांना काय झालं?

५ ऑक्टोबर, रविवार

श्रुतिका पोरीला घेऊन दिंडोशीला माहेरी गेली.

मी एवढंच म्हटलं होतं की आधी तुझ्या माहेरचं बघ. शेजारची शकु चकल्यांची ऑर्डर द्यायला बसली होती, तिच्यासमोर म्हटलं. मग काय, बाहेर जाऊन म्हणू? श्रुतिका उठली. निधीचे मोजे शोधले, घातले, निघाली.

तिच्या आईचा, नीलाबाईंचा, फोन. "विहीणबाई, आमचे सगळ्यांचे हातपाय उघडे आहेत. या आणि तपासून जा!" कसली फणकाऱ्याची बाई!

हे जेवताना म्हणाले, "अगं, कशाला उगाच तिला बोलतेस?" मी म्हटलं, तुम्हाला काही माहीत असेल तर बोला. यांनी आमटी मागितली.

माहीत आहे. यांना काहीतरी माहीत आहे.

१२ ऑक्टोबर

चकल्या मोडतायत. मोहन जास्त पडलं की माझे हातच चालत नाहीत, कुणास ठाऊक. समोर बसून कच्चं पीठ चोरायला निधी नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

रिपोर्ट आला!

प्रीतम आत आला आणि बूट न काढता जमिनीवर बसला. मग म्हणाला, "आई, ते गाठींचं नाहीये. त्या दुसऱ्या जनुकाचं आहे, स्प्रेड-वन म्हणतात त्याचं. नुसते डाग गं!" आणि एवढा घोडा रडायला लागला. मी त्याला म्हटलं, बूट काढ. मग मी पण रडले.

पण पुढचं ऐका. खराब प्रत प्रीतमकडून आलीय. श्रुतिकाकडून नाही. आणि प्रीतमला? बाई म्हणाल्या, बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून.

आता कळलं खाकरणं! यांच्याच घराण्याचं निघालं! आणि यांची आई मला ग्रहण ऐकवत होती! एवढी वर्षं हे बनियन घालून फिरतात. दिवाळीत तेल लावते तेही खांदे आणि हात, बनियनवरूनच. "पाठीला नको, गुदगुल्या होतात." गुदगुल्या! नरकचतुर्दशीला पाटावर बसा, बनियन मीच काढते.

श्रुतिकाला फोन केला. म्हटलं, दिवाळीला ये. म्हणाली, "बघते." मी म्हटलं, बघते काय, ये! चूक माझी नाही, तुझ्या सासऱ्यांची आहे.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

श्रुतिका काल रात्री निधीला घेऊन आली. पहाटे यांना पाटावर बसवून बनियन काढलं. दिवा जवळ धरला. पाठ कोरी. पाटासारखी कोरी.

मग श्रुतिका म्हणाली, "आई, आता तुम्ही बसा." मला कोण तेल लावणार? लग्नानंतर कुणी लावलं नाही. सगळ्यांचं झालं की मी दार लावून दोन तांबे ओतून घेते. तिने हात धरून बसवलं. पाठीवर तेल लावलं आणि हात थांबला. निधीने बोट टेकवून म्हटलं, "आजी, माज्यासालखं!"

हे दारात होते, पायाखाली कारीट. फोडायचं विसरले.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझी पाठ मी नाही बघितली, यांनी बघितलीय. सासू बोलत होती तेव्हा गप्प. मी श्रुतिकाला घराबाहेर काढलं तेव्हा गप्प. आमटी मागत होते!

सांगून टाकलंय – परवा पाडव्याला ओवाळीन तेव्हा ताटात साडी नको, पाकीट नको. का बोलला नाहीत, ते सांगा. नाही सांगितलं तर निरांजन खाली ठेवणार आणि श्रुतिकाबरोबर दिंडोशीला जाणार.