न्हाणीघराचं दार

प्रिय बंड्या,

तू परत गेलास तरी बाबांच्या समाचाराला येणाऱ्यांची रीघ चालूच आहे. येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकता टेकता तेच म्हणतो, "काय खेळ असतो बघा नियतीचा! कुठलंही कुलूप ज्यांना अडवू शकलं नाही, ते शेवटी न्हाणीघरात कोंडून गेले." मी मान हलवते. खरं सांगू, आता मान हलवायचाही कंटाळा आलाय.

काल तर एका वर्तमानपत्राची मुलगी आली होती. रंगमंच गाजवलेल्या लोकांच्या विचित्र मरणांवर लेख लिहितेय. जन्मभर आग गिळणारा एक जण म्हणे गारठून गेला, उंच तारेवर चालणारी बाई घरच्या पायरीवरून घसरली, आणि रोज नाटकात मरणारा नट खरंच मेला तेव्हा लोकांनी वन्स मोअर दिला. "आता त्यांत तुमचे हे," असं म्हणाली. मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "त्या पायरीवरून पडलेल्या बाईच्या घरच्यांशी बोललीस का गं?" बिचारीनं वही मिटून पिशवीत टाकली.

तुलाही पेपरातलंच माहीत आहे. तू आलास तेव्हा इतकी गर्दी होती की आपण दोघं निवांत बसलोच नाही. तर ऐक. न्हाणीघराच्या दाराला कडीच नव्हती. घरातल्या एकाही दाराला नव्हती. कुलपांतून सुटण्याचे खेळ बंद केले तेव्हाच तुझ्या बाबांनी मला त्या काढायला लावल्या. जगाला सांगितलं, पाठ धरलीय. पाठ कसली! बोटं थरथरायला लागली होती. शेवटच्या खेळात पाण्याच्या पेटीत कुलूप उघडायची तार हातातून निसटली. दिवेवाल्या काकांनी काच फोडली म्हणून वाचले. लोकांना वाटलं हाही खेळच. केवढ्या टाळ्या पडल्या! घरी येऊन मला म्हणाले, "कुणाला कळू देऊ नकोस. बंड्याला तर मुळीच नाही." तेव्हापासून त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायचे.

त्या सकाळी दाढी करायला गेले. बराच वेळ चाहूल नाही म्हणून मी दार ढकललं. स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते, गालाला साबण तसाच. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. धडपड नाही, काही नाही. मी मोठ्यानं हाक मारली, आणि मग दार लोटून घेतलं. त्यांच्यापाशी खाली बसले, दाराला पाठ लावून. थोडा वेळ ते मला एकटीला हवे होते रे. माझी हाक ऐकून शेजारी धावत आले, त्यांना दार उघडेना. कुलपाची सगळी गोष्ट एवढ्यातूनच झाली.

मी ती खोडून काढली नसती. एवढी ताकद आता नाही. पण आज दिवेवाल्या काकांचा फोन आला. बाबांच्या स्मरणार्थ तू तोच पाण्याच्या पेटीचा खेळ करणार आहेस म्हणे. आणि मला तू निघतानाचा प्रसंग आठवला. बुटाची नाडी बांधत होतास, ती पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी तशीच बुटात खोचलीस आणि माझ्याकडे बघून हसलास. ते बाबांचं हसणं मी ओळखते, बंड्या. पेटीत उतरू नकोस. लोकांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू, त्यात मी आता मुरलेय. पण मला तरी खरं सांग.

तुझीच,
थकलेली, पण अजून तुझी बटणं लावू शकेल अशी
आई