बगळ्याची कविता आणि कमळाकरचं पिंप

प्रिय भाविका,

फोनवर बोलायला गेलो की तुझ्यामागे टिलर धडधडत असतो आणि माझं निम्मं बोलणं पिसांबरोबर उडून जातं, म्हणून हे पत्र. बसून वाच, पाय वर घेऊन. तुझ्या आईचा निरोप आधी लिहून टाकतो, नाहीतर ती मला पाकीट चिकटवू देणार नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं गो बाय, कोंबड्यांच्यात नाय." झालं, लिहिलं. आता मला माझं लिहू दे.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. एकदा पाहिला असं सांगणार होतो, पण तुझी आई मागे उभी आहे. भातकापणी झाल्यावर लोकांचे नांगरणीचे टिलर गोणपाट पांघरून झोपतात, आणि तुझ्या सासऱ्याने, कमळाकरने मात्र आपला अंगणात आणून त्याच्या चाकावर पट्टा चढवला, पट्ट्याने खाली तबकडी फिरवली, तबकडीवर निळं पिंप बसवलं आणि पिंपाला आतून सगळीकडे रबरी बोटं लावली. कापून गरम पाण्यात बुडवलेली कोंबडी वरून टाकली की आत नुसता धिंगाणा, आणि सगळी पिसं झडून बाहेर येते ती पावडर लावलेल्या बाळासारखी. पाहणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात असंच आहे. मी वाजवल्या नाहीत. कारण व्हिडिओच्या शेवटी तू ओरडलीस, "बाबा, पट्टा ढिला झालाय!" आणि मी इथे पेणला खुर्चीतून उठलो.

मला तू दादा म्हणतेस. माझ्या भावंडांचा मी दादा होतो, त्यांचं ऐकून तूही म्हणायला लागलीस, आणि मलाही ते गोड वाटलं. बाबा हा शब्द आपल्या घरात कुणाच्याच वाट्याला आला नाही. इतकी वर्षं तो कोरा पडून होता आणि आता गेला रोह्याला. लग्न झालं तेव्हा तू त्यांना मामा म्हणायचीस. मामा चांगलं होतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आलो होतो ना, तो तिळगुळासाठी नव्हतो आलो. यंत्र पाहायला आलो होतो, आणि खरं सांगू, ते बंद पडावं म्हणून आलो होतो. नागोठण्यापासून एसटीत मनाशी तेच घोळवत होतो. कमळाकरने हँडल मारलं आणि ते पहिल्याच फटक्याला सुरू झालं. मग मी काहीतरी खोड काढायची म्हणून विचारलं, एवढ्या पिसांची घाण कुठे टाकता? तर म्हणतो कसा, "घाण कसली व्याही, आंब्याला घालतो. पुढच्या साली तुम्हालाच पेटी पाठवीन." माणसाने निदान उर्मट तरी असावं, म्हणजे मत्सराला बसायला जागा मिळते. आणि तू काय केलंस? त्याने हात मागे केला, तोंडाने काही मागितलं नाही, आणि तू बरोबर तोच पाना त्याच्या हातात ठेवलास. तुझ्या केसांत एक पांढरं पीस अडकलं होतं. ते काढायला मी पुढे झालो, तोवर कमळाकरनेच काढलं.

त्या पिसावरून मला आपली न्हाणी आठवली. तुला आठवते का ती? शिकेकाई डोळ्यात जाईल म्हणून तू गल्लीभर ऐकू जाईल अशी रडायचीस. तुझी आई हात टेकायची आणि शाळेतून आलेला मी खाकी कपड्यांतच तुझं डोकं धुवायला बसायचो. मी शाळेचा शिपाई, माझी कविता व्हरांड्यात उभं राहून शिकलेली. तास वाजवायची पितळी थाळी हातात, आत मुलं एका सुरात म्हणतायत, आणि मी बाहेर ओठ हलवतोय. एकदा तर कविता संपायची राहिली म्हणून मी तास उशिरा वाजवला आणि हेडसरांची बोलणी खाल्ली. पण कविता पुरी झाली. तशाच चालीवर मी तुझ्यासाठी एक रचली, आजोबांच्या मिठागरावरच्या बगळ्याची. अट एवढीच की कविता संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

मिठागराच्या बांधावरती बगळा उभा एकटा,
पाण्यामध्ये पाहुन म्हणतो, कोण खाली धाकटा?
माझा मासा त्याच्या चोची, माझेच ऊन त्याला,
रागाने मग चोच मारली, बगळा ओला झाला!

"ओला झाला" म्हटलं की मी तांब्या ओतायचो आणि तू किंचाळून हसायचीस. कुठल्या पुस्तकात ती नाही. तुझ्यामाझ्यात होती, असं मी धरून चाललो होतो.

असो. मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात तू कळवलंस की पोपटीचा हंगाम संपल्याशिवाय रोहा सोडता येणार नाही. वालाच्या शेंगा भरल्या आहेत, कोलाडच्या रिसॉर्टवाल्यांना रोज मडकी जाळात लावायची आहेत, मडक्यात कोंबडी तुमच्याकडची हवी, आणि जावई आदेशची कंपनीत शिफ्ट, म्हणून बाबा एकटे पडतील. हंगाम संपेपर्यंत तुला आठवा लागेल आणि डॉक्टरांनी आठव्यात प्रवास नको म्हटलंय. म्हणजे बाळ रोह्यालाच होणार, हे तू सरळ लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू ते पिंप मीच बसवलंय. मीही जेवताना ताटातल्या कोंबडीकडे शत्रूसारखा पाहत होतो.

आणि मग भरदुपारी कमळाकरचा फोन आला. तू झोपली होतीस. दबक्या आवाजात म्हणाला, "व्याही, पोरीला तुमच्याकडं धाडायची हाय. तिचा जीव तिथं हाय नि हात इथं. पण एक घोळ हाय. यंत्र माझं, पण पाणी तिचं." मला काही कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. कोंबडी गरम पाण्यात कमी बुडली तर पिसं निघत नाहीत, जास्त बुडली तर यंत्रात कातडीच फाटते. त्याचा अंदाज चुकतो, तुझा कधी चुकत नाही. कारण तू बुडवताना काहीतरी पुटपुटतेस, सावकाश, दोनदा, आणि दुसऱ्यांदा संपलं की बाहेर काढतेस. "विचारलं तर लाजते. म्हणते, दादांची हाय. घड्याळ लावून बघितलं व्याही, पण माझा जीव घड्याळावर राहत नाय. मला शिकवा की."

भाविका, मी नाही म्हटलं. ती तुमच्या कामाची नाही, असं सांगून फोन ठेवला. व्हिडिओ पुन्हा लावला. तू गरम पाण्याच्या टोपावर वाकली आहेस, ओठ हलतायत. मला वाटलं होतं तू आकडे मोजते आहेस. मी आवाज बंद केला आणि तुझ्या ओठांबरोबर म्हणून पाहिलं. बरोबर "ओला झाला"ला तू कोंबडी बाहेर काढलीस.

माझा आनंद आणि माझा जळफळाट एकाच वेळी उसळला. आता ही पण त्याला द्यायची? शब्द गेला, मुलगी गेली, पीससुद्धा त्यानेच काढलं. तुझ्या आईला सांगितलं तर ती शेंगा निवडता निवडता म्हणाली, "ठेवा मग कविता कपाटात नि पोर रोह्यात." आणि शेंगा घेऊन आत गेली. मग मीच कमळाकरला फोन लावला.

म्हणून हे पत्र. तू झोपलीस की तो रोज दुपारी मागच्या पडवीत जाऊन मला फोन करतो आणि मी त्याला शिकवतो. तुला ठाऊक नाही, सांगू नका म्हणालाय. विद्यार्थी म्हणून अगदीच कच्चा आहे. बगळ्याचं बदक करतो, आणि टिलर चालवल्यासारखा म्हणतो. मी त्याला सांगितलं, "जावळं धुताय असं समजा, मग आपोआप हळू याल." तेव्हापासून जमतंय. शेवटच्या ओळीला तो दर वेळी हसतो. का हसतो ते मी विचारलेलं नाही. काल त्याने एका कोंबडीचा फोटो पाठवला, कातडीवर एक ओरखडा नाही. खाली लिहिलं होतं, "पास का, सर?" शाळेत इतकी वर्षं काढली, मला सर कुणी म्हटलं नव्हतं. मी पास केला.

तेव्हा आता तुला तिथे अडवणारं काही नाही. रविवारी तो स्वतः तुला सोडायला येतोय, जेवूनच जाईल, आईने सांगून ठेवलंय. न्हाणीतलं घंगाळ मी चिंचेने घासून लख्ख केलं आहे. फक्त एक लक्षात ठेव. त्या कवितेचं दुसरं कडवं, बगळ्याला पिल्लू होतं ते, मी त्याला शिकवलेलं नाही. कितीही विचारलं तरी तूही सांगू नकोस. कोंबडीला एक पुरतं.

वाट पाहणारा, तुझाच,
दादा