गोळी लागली

कोल्हापूर, ९ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून,

मी खुशाल आहे. डॉक्टरांसाठी घरोघर फिरून मधुमेह कुणाला, कुठलं औषध कुणाला सोसत नाही, हे लिहून घेतो.

बावड्यात एक आजी तापावरच्या सल्फाच्या गोळीबद्दल म्हणाल्या, "लई लागली की मला." समोरून त्रिशला चालली होती, जिच्यापायी कॉलेज सोडलं ती. तिच्याकडे बघत मी 'गुण आला' असं लिहिलं. त्या कागदावरून डॉक्टरांनी आजींना तीच गोळी पुन्हा दिली. अंगभर फोड उठले. आता उतार आहे.

भेटायला गेलो तर म्हणाल्या, "ऊन लागतंय तशी लागली, पावणं!" मी 'गुण आला' खोडून 'सोसत नाही' असं लिहिलं.

घर सोडताना 'मला सगळं कळतं' म्हणून तुमच्यावर ओरडलो होतो.

आईला नव्या गोळ्या सोसतात ना? 'हो' म्हणाली तरी पुन्हा एकदा विचारा.

आपला, आज्ञा मोडलेला,
भास्कर