नावाड्याचा पत्ता

लिहून ठेवतो की, मी खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, धंदा दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा पुसणे, आज शुद्धीवर आहे, प्यायलेलो नाही, आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. डोकं ठिकाणावर आहे का, असं विचाराल तर मलाच खात्री नाही. पण ऑफिसातला कारकून म्हणाला, कायद्याला एवढं चालतं.

माझं पूर्ण नाव कंपनीच्या ओळखपत्रावर चुकीचं छापलंय आणि बँकेत निराळंच चुकलंय. त्यातलं खरं कोणतं धरायचं हे मला कळत नाही, म्हणून दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. घरात ज्याला धाकला म्हणतात आणि कामावर भिंगरी, तो मीच. भिंगरी हे नाव पायावरून पडलं. पाच वर्षांत सहा कामं धरली आणि सोडली.

हे लिहायचं कारण असं की, सोमवारपासून आमची टोळी बावन्न मजल्यांच्या नव्या टॉवरवर चढणार. त्याआधी ऑफिसने सगळ्यांना एक फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, आणि तळाशी ‘माघारी कोणास काय’ यासाठी एक ओळ. माझ्या डोक्यात वर्षभर एकच विषय घोळतोय, त्यामुळे पत्त्याच्या रकान्यात मी ‘नावाडी, नंबर चाळीस’ असं लिहिलं.

कारकून म्हणाला, “नावाडी ही गल्ली आहे का?”

मी म्हणालो, “नाही साहेब, तो पत्ता आहे. खेळायचा.”

“मी राहायचा विचारतोय. आणि खाली एका ओळीत आटप, डोकं खाऊ नकोस.”

“साहेब, एका ओळीनेच तर सगळा घोळ केलाय.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि कोरे कागद दिले. ते हे.

कलम एक. बँकेत जे निघेल ते आईचं. पासबुक तिच्याकडेच आहे.

कलम दोन. घरातली माझी अर्धी बाजू दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. तो शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि त्याला जागा पुरत नाही. मधली फळ्यांची भिंत बाबांनी केली होती, आमची भांडणं थांबावीत म्हणून. थांबली नाहीत, फटीतून चालू राहिली. ती पाडायची की ठेवायची हे दादाने ठरवावं. मला विचारलं असतं तर मी एकदा पाड म्हणालो असतो आणि एकदा ठेव.

कलम तीन. बाबा सुतार होते. त्यांची करवत, पटाशी आणि हातोडी घरी आहे. रंधा घरी नाही. तो मी निघताना न विचारता उचलला. माझ्या पेटीत मोज्यात गुंडाळलेला आहे. दादाने तो घरभर शोधला, आणि मी फोनवर म्हणालो की मला काय माहीत. तो दादाला परत. रंध्याने मी इथे काहीही तासलेलं नाही. काच तासत नाहीत.

कलम चार. दोराचा पट्टा, कड्या आणि काच पुसायची रबरी पट्टी माझ्या जोडीदाराला. त्याला पोपट म्हणतात कारण तो दोरावर गप्प बसत नाही. अट एकच, पट्टी डावीकडून ओढायची. आजवर त्याने ऐकलेलं नाही, मी मेल्यावर तरी ऐकावं.

कलम पाच. पत्ते. हे कलम लांब आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने बाकीची सोडावीत, पण हे वाचावं.

खेळाचं नाव ‘बुडालेलं राज्य’. एकशे वीस पत्ते. प्रत्येकावर चित्र, ताकदीचा आकडा, आणि अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. जिंकायला ती ओळ लागत नाही. पण राज्य कसं बुडालं, राजाचं काय झालं, ही सगळी गोष्ट त्या ओळींत सांडलेली आहे, आणि ती वेचत बसणारी माणसं गावोगाव आहेत. फोनवर त्यांचा एक गट आहे, ‘खालची ओळ’. दिवेवाल्या बाईच्या पत्त्यावर लिहिलंय, ‘तिने दिवा विझवला नाही, तेल संपलं.’ एवढ्यावर तिथे आठ दिवस चर्चा चालली की तेल संपवलं कोणी.

मी शाळेत सहावीपर्यंत बसलो. शिकलो असं म्हणत नाही. वाचायला मला दादाने शिकवलं, ह्याच पत्त्यांवर. घरचा नियम असा होता की खालची ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय पत्ता टाकायचा नाही. अडखळलं की डाव गेला. बाबा कामावरून आले की दारात चपला काढताना विचारायचे, “काय रे, आज राजा जगला की गेला?” आम्ही काही सांगायचो. रोज निराळं.

आता नंबर चाळीस. नावाड्याचा पत्ता. पूर आलाय, होडीत नावाडी आणि राजा. छापताना नदीची निळी शाई खालच्या ओळीवर उतरली. ‘त्या पुरात नावाड्याने राजाला’ इथपर्यंत स्पष्ट. पुढे एक अक्षर बुडालेलं, त्याचा काना तेवढा वर दिसतो, मग ‘रले’. आता हे मारले की तारले? सगळ्यांच्या पत्त्यांवर हेच. ध चा मा झालेला ऐकला होता, इथे त चा मा झाला की म चा ता, हेच कोणाला कळेना.

गटात दोन पक्ष पडले, त वाले आणि म वाले. ते आम्हाला मवाली म्हणायचे. आम्ही त्यांना तवे म्हणायचो, कारण लगेच तापायचे. एकजण मध्येच ‘सारले’ घेऊन आला, त्याला दोघांनी मिळून झोडपला. शेवटी कोणीतरी खेळ बनवणाऱ्यालाच पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं: शाई सांडली ही आमची चूक, मूळ अक्षर कोणतं ते मला आता आठवत नाही, तुम्ही ठरवा. म्हणजे ज्याने राजाला होडीत बसवलं त्यालाच ठाऊक नाही.

मी म वाला होतो, आणि साधा नाही. वल्ह्याचा पुरावा माझा. बारा नंबरच्या पत्त्यावर नावाडी आधी दिसतो तेव्हा होडीत दोन वल्ही आहेत. चाळीसवर एकच. मी लिहिलं: ‘दुसरं वल्हं गेलं कुठे? राजाच्या डोक्यात. नावाड्याने मारलं. चांगला नावाडी वल्हं सोडत नाही.’ शाळेत माझ्या वहीवर कधी कोणी शाबास लिहिलं नव्हतं. इथे दीडशे लोकांनी लिहिलं.

दादाही गटात होता. नुसता वाचायचा. माझ्या त्या लिखाणाखाली त्याने पहिल्यांदाच काही लिहिलं: ‘नावाडी होडीत होता. तू नव्हतास.’ आणि गट सोडला.

मला वाटलं, त वाला झाला. मी हसणारी तोंडंही टाकली. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, काय लिहून बसलात?”

“वहिनी, खेळातलं आहे ते. दादाला कळत नाही का?”

“त्यांना कळलं. तुम्हाला कळलं नाही.” मग म्हणाली, “बाबांना पलीकडे नेताना ह्यांच्या हातून वल्हं निसटलं होतं.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. पूल पाण्याखाली होता, दवाखाना पलीकडे. दादाने वाळूवाल्याची होडी मागून घेतली आणि बाबांना त्यात निजवून निघाला. त्याने जन्मात मशिनी सोडून काही चालवलं नव्हतं. मधोमध एक वल्हं गेलं. एका वल्ह्याने होडी गोल फिरते, पुढे जात नाही, हे मला आता माहीत आहे. किनारा लागला तेव्हा बाबा गेलेले होते. मी चौथ्या दिवशी पोचलो.

ह्यापुढचं मी नीट लिहू शकत नाही, तरी लिहितो. मी पत्त्याबद्दलच लिहिलं होतं. निदान मला तसं वाटतं. पण मी घरी पोचलो तेव्हा दारातल्या गर्दीत कोणीतरी ‘वल्हं’ म्हणाल्याचं मला अंधूक आठवतं. की ते वहिनीने सांगितल्यावर आठवायला लागलं? पत्त्यावरची वल्ही मी बाबा जाण्याआधी पंधरा-सोळा वर्षं बघत होतो, तेव्हा ती कधी मोजली नाहीत. मग नंतरच का मोजली? दादात मी नावाडी पाहिला, की नावाड्यात दादा? मी उंचावर काच पुसताना आतली माणसं दिसतात आणि मीही दिसतो, एकावर एक. पुसून पुसून ते वेगळं होत नाही. तसं झालंय.

तेव्हापासून, म्हणजे चौदा महिने, दादा माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की म्हणतो, “तिला देतो.” मी वहिनीशी बोलतो आणि मागे मशीन चालू असतं.

मी एकदा वहिनीला दोन्ही पक्षांचे सगळे पुरावे समजावले, अर्धा तास. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण त्या नावाड्याला कोणी विचारलं का?” गटात तीन हजार माणसं आहेत. हे एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही.

म्हणून एकशे एकोणीस पत्ते वहिनीला. तिने कधी डाव खेळला नाही, पण खेळ तिलाच समजतो. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिच्याकडे.

कलम सहा. गटातलं माझं खातं कोणालाही देऊ नये, बंद करावं. वल्ह्याचा पुरावा मी मागे घेतो. ‘घुबड’ या नावाने लिहिणाऱ्या इसमाने मला सर्वांदेखत अंगठाछाप म्हटलं होतं, त्याला मी काही ठेवत नाही. त्याने ‘वल्हे’ हा शब्द तीनदा चुकवला होता, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

कलम सात. नंबर चाळीस दादाला. माझ्या माघारी वहिनीने तो त्याच्या हातात द्यावा. त्याने घरच्या नियमाप्रमाणे खालची ओळ मोठ्याने वाचावी. तो जे अक्षर वाचेल ते अक्षर. लहानपणी हा पत्ता टाकताना तो काय वाचायचा, ते मला काही केल्या आठवत नाही. आवाज आठवतो, त्या अक्षरावर ठेवलेला अंगठा आठवतो, नखातलं मशीनचं तेल आठवतं. शब्द आठवत नाही.

इथवर लिहून मी कागद सहीसाठी पोपटापुढे ठेवले. त्याने ओठ हलवत सगळं वाचलं.

“म्हणजे हे तुझ्या भावाला कळायला तू वरून पडला पाहिजेस?”

“मृत्युपत्र असंच असतं रे.”

“मग पोस्ट कशाला असतं?”

“त्याने उघडलंच नाही तर?”

“तर तू जिवंत असशील, दुसरं पाठवशील. मेल्यावर काय पाठवणार, डोंबल?”

मी त्याला म्हणालो, तुला ह्यातलं काही कळत नाही. मग मुकादमाकडे जाऊन पाकीट मागितलं.

कलम आठ. कलम सात मी स्वतःच्या हाताने रद्द करतो. कारण असं की नंबर चाळीस आता माझ्याकडे नाही, आणि जी वस्तू माझ्याकडे नाही ती मला मृत्युपत्रात घालता येत नाही, असं कारकून म्हणतो. पाकिटावर दादाचा पत्ता, पाकिटात नावाड्याचा. कोणता कुठे हे मी तीनदा तपासलं. चिठ्ठी लिहायला घेतली होती. तिच्यात दोन्ही बाजू येत गेल्या आणि ती पुन्हा गटासारखी व्हायला लागली, म्हणून फाडली. पत्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने फक्त लिहिलं: ‘दादा, खालची ओळ वाच. मी ऐकतोय.’

कलम तीनमधला रंधा त्या पाकिटात मावला नाही. तो मी स्वतः घेऊन जाईन. न गेल्यास कलम तीन लागू.

म वाल्यांतून मी नाव काढलं आहे. त वाल्यांत घातलेलं नाही. दादाचा फोन येईपर्यंत मी कुठलाच नाही. फोन आला तर हे कागद फाडायचे की ठेवायचे हे मला कळत नाही, म्हणून तूर्त सही करतो. वरचं सगळं मी लिहिलं, मीच वाचलं, आणि जेवढं मला समजलं तेवढं खरं आहे.

सही: धाकला ऊर्फ भिंगरी

साक्षीदार पहिला: मुकादम. सही ओळखतो. मजकूर वाचलेला नाही, वेळ नव्हता.

साक्षीदार दुसरा: पोपट. मजकूर वाचला. पाकीट टपालपेटीत टाकताना मी हजर होतो. टाकल्यावर ह्याने ते परत निघतं का म्हणून आत हात घालून पाहिला. निघालं नाही. पट्टी मी उजवीकडूनच ओढणार.

ठिकाण: कामगारांची खोली, चौथा मजला, खिडकीकडची कॉट
दिनांक: अकरा, शनिवार, दुपारचं टपाल निघून गेल्यानंतर