विश्रामदादाच्या यकृतावरचा डाग

नार्वे

प्रिय विश्रामदादा,
साष्टांग नमस्कार.

तुला आजार नव्हता. पण हे कळवायला तुझा पत्ता नाही, म्हणून पत्र माझ्या वहीतच राहील.

त्या दिवशी सीटी स्कॅनच्या टेबलावरून उतरताना तू माझा हात धरलास. "कितें दिसलें रे? भाऊ म्हणून सांग." मी मशीन चालवणारा, निदान सांगणं माझं काम नव्हे. तरी बोललो, "यकृतावर डाग आहे, दादा." तू हसलास. "म्हणजे बाबांचोच रोग, न्हय रे?" यकृतातल्या गाठीने बाबा कसे गेले, ते आपण दोघांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. "ही नुसती चरबी. यकृताच्या दोन भागांमधल्या पट्ट्याजवळ अशी साचते. गाठ असती तर शिरा बाजूला ढकलल्या असत्या. बघ, सरळ जातायत." मी धावत घरी आलो. तू पहिल्या बसने निघून गेला होतास. 'कुणाला माझी सेवा करायला लावणार नाही,' एवढंच लिहून.

तीन वर्षं झाली. तसा डाग महिन्यातून एकदोनदा दिसतोच. आता मी लगेच ओळखतो, आणि दरवेळी रुग्णाचं नाव पुन्हा वाचून बघतो, तुझं आहे का.

वहिनीला वाटतं, डॉक्टरांनीच तुला घाबरवलं. दर सोमवारी ती सप्तकोटेश्वरासमोर उभी राहून म्हणते, "देवा, त्या डॉक्टराचें बरें करूं नाका." मी शेजारी हात जोडून उभा असतो.

तुझा धाकटा भाऊ,
गुरुदास