पाठीमागच्या कड्या

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप शिवयोगी अण्णांस दानम्माचे शरणु.

दिवाळीनंतर तुमचे पत्र नाही. हुबळीच्या कारखान्यात काम फार असेल. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. अव्वाच्या अंगावरून वारे गेले ते कळवलेच होते. डावी बाजू अजून उचलत नाही. न्हाणीत फरशीवर बसवली की कलंडते. सोमवारी शेजारच्या अक्कम्मा मावशींच्या आणि माझ्या हातांतून निसटली. लागले थोडेच.

म्हणून एक ठरवले आहे, रागावू नका. न्हाणीच्या कोपऱ्यात बांधीव बैठक करून घेते. खुर्चीइतकी उंच, वर शहाबादी फरशी, पाणी साचू नये म्हणून पुढे जरासा उतार. धरायला उजव्या हाताशी एक लोखंडी कडी, आणि पाठीच्या भिंतीत खांद्यांच्या उंचीला दोन. आता तुम्ही अप्पांच्या जागी, म्हणून विचारते, करू ना? आंघोळीवाचून अव्वा लिंगपूजा करत नाही आणि पूजेवाचून घास घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा लवकर लिहा.

तुमची धाकटी बहीण,
दानम्मा

भवानी पेठ, सोलापूर
ता. २ मार्च १९३४

तीर्थस्वरूप अण्णांस शरणु.

उत्तर आले नाही, तो होकार समजून काम काढले. बैठक छान झाली आहे. उतार बरोबर आहे, चुनाही वाळला. ऊन तापू लागले. अक्कम्मा मावशींची शेळी व्याली.

अव्वा अजून बैठकीवर बसलेली नाही.

धोंडीराम गवंडी म्हणाला, "बाई, आईसायबांस्नी जरा बसवा की. माप घेतल्याबिगर पाठ कशी जमंल?" तिला पाटावर भिंतीशी टेकवून बसवले. त्याने दोरीचे एक टोक जमिनीला लावले, दुसरे मी अव्वाच्या डोक्याशी धरले. मग तो म्हणाला, "हातानं धरायची कडी हाय न्हवं? मग पाठीमागं दोन कशाला? तितं हात पोचतोय व्हय कुणाचा?"

मी म्हणाले, "असू देत."

अव्वाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "दानव्वा, जित्या माणसाला बसवून मोजायलीस व्हय ग?"

धोंडीराम आपल्यातला नाही, त्याला काही कळले नाही. तुम्हाला कळेल. अप्पा गेले तेव्हा त्यांची शेवटची आंघोळ आपल्या लिंगायतांच्या रीतीने बसवूनच घातली. तुम्ही पाठीमागून धरले होते, सिद्धाप्पा काकांनी डोके. तरी अप्पा सारखे एका अंगावर जात होते. मातीतही तसेच बसवून ठेवले. आंघोळ मी दारातून पाहिली होती.

त्या दिवसापासून अव्वा न्हाणीत येत नाही. फरशीवर बसवते म्हटले तरी नको. ओल्या फडक्याने अंग पुसू म्हटले तर म्हणते, पुसणे म्हणजे आंघोळ नव्हे. मठातून स्वामींनी निरोप धाडला, आजाऱ्याने नुसती विभूती लावली तरी चालते. ती हसली. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही. पूजा नाही म्हणून... पुढचे मागल्या पत्रात लिहिलेच आहे. पाणी घेते. आवाज फार बारीक झाला आहे.

अक्कम्मा मावशी म्हणतात, "म्हातारी हट्टी हाय, तू कशाला जिवाला लावून घेतीस?" पण अण्णा, तिने चूक ओळखले नाही. काका आता नाहीत, तुम्ही येत नाही. वेळ आली तर तिला मागून कोण धरणार, हा विचार करूनच मी त्या दोन कड्या सांगितल्या. त्यांतून कापडाचा धडपा ओवून तिला बसती बांधता आली असती. बैठक तिच्या आंघोळीसाठीच होती, हे शपथेवर सांगते. कड्या तेवढ्या तिच्यासाठी नव्हत्या, माझ्यासाठी होत्या.

काल तिच्या पायाशी बसून म्हणाले, "अव्वा, सगळे पाडून टाकते."

"पाडू नको. लागंल की." मग म्हणाली, "शिवयोगी आला की मी बसते म्हणावं."

तुम्ही समोर उभे राहिलात तर ती उद्याही बसेल, पूजा करेल, घासही घेईल. तुम्हाला उशीर झाला तरी ती बसेलच. रजा मिळत नसेल तर रजेवाचून निघा.

कड्या अजून काढलेल्या नाहीत.

दानम्मा